सायलेन्सरमधली काजळी

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकावर.

सध्या घरीच बाबांची जुनी येझदी दुरुस्त करतोय. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत या गाड्या बनायच्या. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते जळून काजळी उरते आणि दोन्ही सायलेन्सरमध्ये साचते. मग इंजिनात दम असूनही धुराला वाट मिळत नाही, गाडी ओढत नाही. आतली जाळी काढून खरवडावी लागते.

पण ही काजळी म्हणजे बिघाड नव्हे. गाडी चालली, म्हणूनच ती साचली!

बाबा गेल्यापासून जपाला बसलं की मन भरकटतं. भक्तीच आटली की काय, असं वाटतं. पण अर्जुनानेही हीच तक्रार केली होती. मन चंचल आहे, हे भगवंतांनी आधी मान्य केलं. मग उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. मला उमगलं ते असं: अभ्यास म्हणजे रोज थोडं खरवडणं, वैराग्य म्हणजे खरवडलेलं पुन्हा आत न भरणं. बाबांची आठवण जात नाही, जायलाही नको. कोंडलेला श्वास तेवढा मोकळा होतो.

आज पाच मिनिटं तरी जपाला बसा. मन नाही लागलं, तरी बसा.