आज्ञा आणि तिचे प्रयोजन : मखदूम अली माहिमी यांच्या निमित्ताने

एखाद्या आज्ञेचे प्रयोजन कळल्यानंतर बंधनकारक काय राहते, आज्ञा की प्रयोजन? प्रयोजन कळूच नये असे मानले तर आज्ञापालन आंधळे होते. ते पूर्णपणे कळले असे मानले तर आज्ञेची गरज संपते. धर्मशास्त्र, कायदा आणि नीती यांच्या सीमेवरचा हा पेच आहे. त्याचा विचार करताना मराठी अभ्यासकाला बगदाद किंवा कैरोपर्यंत जाण्याचे कारण नाही. कोकण किनाऱ्यावरील माहीम येथे जन्मलेल्या आणि तेथेच चिरविश्रांती घेणाऱ्या मखदूम अली माहिमी (जन्म १३७२) यांच्या ग्रंथकर्तृत्वात हा पेच मुळापासून उपस्थित होतो.

माहिमी नवायत कुळातले. समुद्रमार्गे आलेल्या अरबांच्या संपर्कामुळे कोकणपट्टीत रुजलेली शाफिई विधिपरंपरा ही त्यांची परंपरा होय. दख्खनच्या पठारावर, सोलापूरसारख्या बहमनी मुलखात, हनफी परंपरा प्रबळ राहिली. ज्ञानदेवांनंतरचा आणि एकनाथांपूर्वीचा हा काळ. माहीम तेव्हा गुजरातच्या सुलतानांकडे होते आणि १४३०च्या सुमारास त्यावरून बहमनींशी संघर्षही झाला. माहिमी हे माहीमचे काझी होते असे परंपरा सांगते. त्यांनी अरबीतून कुराणावर ‘तब्सीर अर्‌-रहमान’ हे भाष्य लिहिले, इब्न अरबीच्या ‘फुसूस अल्‌-हिकम’वर टीका लिहिली आणि शरियतच्या आज्ञांमागील ‘हिकमत’ उलगडणारा स्वतंत्र ग्रंथही रचला. शाह वलीउल्लाह (१७०३-१७६२) यांच्या याच विषयावरील प्रसिद्ध ग्रंथाच्या सुमारे तीन शतके आधीचा हा प्रयत्न आहे.

विधिशास्त्रात ‘इल्लत’ आणि ‘हिकमत’ यांत भेद केला जातो. इल्लत म्हणजे आज्ञा ज्यावर टेकलेली असते ते निश्चित, मोजता येणारे लक्षण; हिकमत म्हणजे तिच्यामागचे व्यापक हित. प्रवाशाला रमजानचा रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. येथे हिकमत कष्टनिवारणाची, पण इल्लत प्रवासाची. परिणामी आरामशीर वाहनातून ठरावीक अंतरापलीकडे जाणाऱ्या श्रीमंताला ही सवलत मिळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात यंत्रमागापुढे दिवसभर उभा राहणारा कामगार मात्र प्रवासी नसल्याने या नियमाच्या बाहेर राहतो. कष्ट असह्य झाल्यास त्याच्यासाठी शास्त्रकारांना वेगळा विचार करावा लागतो. पूर्वमीमांसेतील दृष्टार्थ-अदृष्टार्थ चर्चेशी हा भेद पूर्णतः जुळत नाही. तेथे दिसणारे फळ संभवत असेल तर न दिसणाऱ्या फळाची कल्पना करू नये, असा दंडक आहे. येथे फळ दिसत असूनही नियम त्यावर टेकवलेला नाही.

तो का टेकवलेला नाही, याचे उत्तर काझीच्या आसनावरून पाहिल्यास मिळते. कष्ट मोजता येत नाहीत. ते माणसागणिक मोजायचे ठरवले, तर आपले कष्ट प्रभावीपणे मांडू शकणारा, म्हणजे बहुधा बलवानच, सवलत मिळवील आणि मुका माणूस वंचित राहील. निश्चित लक्षणावर आधारलेला नियम काही प्रसंगी अन्याय करतो. परंतु न्यायाधीशाच्या मर्जीपासून दुर्बलाचे रक्षणही तोच करतो. मग हिकमत सांगण्याची आवश्यकता काय?

या प्रश्नाचे उत्तर माहिमींच्या भाष्यपद्धतीतून काढता येईल. कुराणातील ११४ सूरांपैकी ११३ सूरांच्या आरंभी ‘बिस्मिल्ला’चे तेच वचन येते. माहिमी प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ त्या त्या सूरेच्या आशयाला अनुसरून वेगळा लावतात, आणि आयतींमधील परस्परसंबंधही उलगडत जातात. शब्द तेच, स्थान बदलले की अर्थ बदलतो. तरी तो स्वैर होत नाही, कारण समग्र रचना त्याला बांधून ठेवते. हिकमतीचा शोध याच जातीचा मानला, तर तो आज्ञा रद्द करण्याचा परवाना ठरत नाही. सुट्या आज्ञेला समग्रात तिचे स्थान दाखवून देणे, हे त्याचे कार्य ठरते. पाळणारा माणूस त्यामुळे केवळ आज्ञाधारक न राहता जाणता होतो.

या भूमिकेवरचा आक्षेपही गंभीर आहे. एकात्मता गृहीत धरून निघालेल्या भाष्यकाराला विसंगती सहसा सापडत नाही. सेंद्रिय एकतेवर श्रद्धा ठेवणाऱ्या समीक्षेचाही अनुभव असाच आहे. विसंगतीची किंमत मोजणारा कोणी प्रत्यक्ष माणूस असेल, तर तिचे सुंदर स्पष्टीकरण हाच एक नैतिक दोष होतो. माग चालवणाऱ्याला नियमाची हिकमत समजावून सांगितल्याने त्याची तहान भागत नाही.

तहानेचा उल्लेख येथे आकस्मिक नाही. लोकस्मृतीने जपलेले माहिमी निराळे आहेत. आईने रात्री पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिला झोप लागली, आणि मुलगा पाण्याचे भांडे घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता हा येथे मुद्दा नाही. असे उभे राहावे, असे कोणताही विधिग्रंथ सांगत नाही. नियमाची मर्यादा जेथे संपते तेथून हिकमतीचे काम सुरू होते, आणि ते काझी दुसऱ्यावर लादू शकत नाही; ते ज्याचे त्यानेच स्वतःवर घ्यायचे असते. माहिमींच्या ग्रंथांत जो भेद शास्त्राच्या भाषेत आहे, तोच आख्यायिकेत कृतीच्या भाषेत आहे. नियम मोजून पाळला जातो, प्रयोजन न मोजता.

हा भेद वाङ्मयाभ्यासालाही लागू करून पाहावा. १९९०मध्ये सोलापूर येथे भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाने या प्रदेशातील मुसलमानांच्या मराठी लेखनाकडे लक्ष वेधले. शेख महंमद मराठीत लिहितात, म्हणून वाङ्मयेतिहासात त्यांची जागा निर्विवाद आहे. माहिमी अरबीत लिहितात, म्हणून ते त्या इतिहासाबाहेर राहतात. भाषा ही येथे इल्लत आहे : निश्चित आणि तपासता येणारी. ती सोडली तर वाङ्मयेतिहासाला सीमाच उरणार नाही. परंतु त्या इतिहासाची हिकमत या भूमीवर माणसांनी केलेल्या विचाराचा शोध ही असेल, तर इल्लतीने बाहेर ठेवलेल्याची जाणीव अभ्यासकाने बाळगलीच पाहिजे. नियम मोडण्याची गरज नाही. मात्र त्याच्या कडेला कोण उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी नियमाने संपत नाही.