दोन संध्याकाळी आणि सात मुलं

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत एक समाजमंदिर. आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली (एनएसएस) मुलं इथे अभ्यास घेतात. दिवाळीनंतर सेमिस्टर परीक्षा लागल्या की स्वयंसेवकांची गळती सुरू होते. यंदा दोघंच उरली, तिसऱ्या वर्षाची ऋतुजा आणि समीर. समोर मुलं सात. आठवीतली एक मुलगी डिसेंबरात एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा देणार आहे. बाकीची सहा जणं सहावी-सातवीतली, सलग वाचता न येणारी. मुलं घरी गेल्यावर सतरंज्या गुंडाळताना दोघांत जुंपली. आठ वाजता भजनी मंडळाला जागा द्यायची होती.

ऋतुजा: परीक्षेला पाच आठवडे उरलेत. पेपर दोन, नव्वद-नव्वद प्रश्नांचे. बौद्धिक क्षमता चाचणी मी घेते, शालेय क्षमतेचं गणित-विज्ञान तू घे. दोघांनी पूर्ण वेळ दिला तरच तिचं काही होईल.

समीर: आणि त्या सहा जणांनी काय करायचं? कॅरम खेळायचा?

ऋतुजा: खेळू देत की पाच आठवडे.

समीर: सातवीतल्या त्या पोराचं वाचन ऐकलंस आज? धडा काढला आणि सुरू झाला, अगदी सुरात, कुठे अडखळणं नाही. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. तोंड तिसऱ्या ओळीत पोचलेलं आणि बोट पहिल्याच ओळीवर. वर्गात इतरांचं ऐकून अख्खा धडा पाठ केलाय त्यानं. मग पुस्तक मिटलं आणि भिंतीवरचं पोस्टर वाच म्हटलं. ‘लसीकरण’चं त्यानं ‘लसूण’ केलं. पुढे जोडाक्षर आलं तशी मान खाली. शाळेत बसायचं हे याचं सातवं वर्ष. याला आणखी पाच आठवडे कॅरम?

ऋतुजा: शाळेला इतक्या वर्षांत जमलं नाही ते तू दहा संध्याकाळींत करणार आहेस का? परीक्षेला तारीख आहे, समीर. वाचनाला तारीख नाही. ते जानेवारीतही शिकवता येईल.

समीर: म्हणून तर ते होत नाही! तारीख नसलेलं काम कायम मागे पडतं. पहिलीत बाईंना वाटलं दुसरीत येईल, दुसरीत वाटलं तिसरीत. आता तू म्हणतेस जानेवारीत.

ऋतुजा: बरं, मग पैशाचं बोलू. शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे ४८,०००. महिन्याला हजार. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. महिन्याचे हे हजार आले तर दहावीनंतर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं. तुझ्या जोडाक्षरांनी कुणाच्या घरात काय बदलणार आहे, सांग ना.

समीर: आता मी एक हिशेब सांगतो. महाराष्ट्राच्या वाट्याला या शिष्यवृत्त्या ११,६८२. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलेल्या. आपली मुलगी यादीत आली तर याच जिल्ह्यातली, भोर-जुन्नरकडची कुणीतरी यादीच्या खाली जाणार. तिची आईसुद्धा राबतच असेल. आपण जगात एक शिष्यवृत्ती वाढवली नाही, इथून उचलून तिथे ठेवली. पण हा पोरगा वाचायला लागला तर कुणाचं काही जात नाही. भोरचा मुलगा त्यामुळे निरक्षर होत नाही.

ऋतुजा: ऐकायला छान आहे. पण तू आणि मी कॉलेजात कसे आलो? कुणाला तरी यादीखाली ढकलूनच ना? तेव्हा तुझे क्लास लावताना घरच्यांनी भोरच्या मुलाचा विचार केला होता? ही नीती गरिबाच्या मुलीपाशी आल्यावरच कशी आठवते? आणि भोरमध्येही जिल्हा परिषदेचे गुरुजी याच परीक्षेचे जादा तास घेत असतील. त्या मुलीच्या मागे कुणीतरी उभं आहे. हिच्या मागे आपण उभं राहायचं नाही, कारण स्पर्धा वाईट?

समीर: स्पर्धेत उतरवणं पाप आहे असं नाही म्हणत मी. आपल्याकडे वेळ थोडा असताना कुणाचंही न हिरावणारं काम आधी करावं, एवढंच.

ऋतुजा: आणि मागणाऱ्याचं काय? ती स्वतः फॉर्म घेऊन आली. ‘ताई, एवढं करून घ्या’ म्हणाली. त्या सहा जणांनी काय मागितलं? खाऊ.

समीर: मागायलाही बळ लागतं, ऋतुजा. आपल्याला काय येत नाही हे कळावं लागतं, ते कुणापुढे तरी बोलून दाखवावं लागतं. त्या पोरानं सगळी हुशारी न येणं लपवण्यात घातलीय. मागेल त्यालाच द्यायचं ठरवलं तर मागण्याइतकं आधीच मिळालेल्यांनाच आपण देत राहू.

ऋतुजा: हे पटलं. पण त्यावरून त्यांना आज द्यायला हवं हे ठरत नाही. आणि वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. आपण संध्याकाळी येऊन ठिगळं लावत बसलो तर फाटलंय कुठे हे कुणाला दिसणारच नाही.

समीर: व्यवस्था सुधारेपर्यंत तो पोरगा गॅरेजवर लागलेला असेल. आणि आपल्यासारख्यांच्या हातून हे होतं, याला दाखला आहे. ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम आठवतो? मुंबईत आणि बडोद्यात, मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली शिकवायच्या. फार शिकलेल्या नव्हत्या त्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी तो तपासला. त्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला आढळला. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. गरज कुठे आहे, उपाय काय आहे, दोन्ही समोर आहे.

ऋतुजा: दाखला दिलास तर पूर्ण दे. बालसखी रोज दोन तास शिकवायच्या, शाळेच्या वेळेत. शिवाय त्या तिथल्याच होत्या. आपण? मंगळवार आणि शुक्रवार. मार्चमध्ये आपली शेवटची परीक्षा, त्यानंतर तू कुठे आणि मी कुठे! मंगळवारी शिकवलेलं जोडाक्षर शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून, हे तू स्वतः बघतोस. एनएसएसच्या वहीत वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्या वहीमुळे आपल्यालाही वाटायला लागलंय की तास म्हणजे तास, कुठेही भरा. तसं नसतं. शिष्यवृत्तीची तयारी सुटीसुटी होते. आज आकृत्यांची मालिका, शुक्रवारी एका चलातली समीकरणं. मधल्या दिवसांत ती स्वतः सराव करते. वाचनाला रोज माणूस लागतो. आठवड्यातून दोनदा येणाऱ्यानं ते अंगावर घेतलं तर मुलाला फक्त आणखी एकदा हरल्यासारखं वाटतं.

समीर: म्हणजे तुझं म्हणणं, काम कुणाचं मोठं यापेक्षा आपण किती टिकणार हे आधी बघायचं.

ऋतुजा: हो. जाणाऱ्या माणसानं संपणारं काम घ्यावं. न संपणारं काम हाती घेऊन अर्ध्यावर सोडण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? मुलं तेवढ्यात जीव लावतात.

समीर: मग राहणाऱ्या माणसानं करावं. ती आठवीतली मुलगी इथेच राहणार आहे. रोज वीस मिनिटं तिनं या सहा जणांचं वाचन घ्यावं. तीच बालसखी.

ऋतुजा: वा! सकाळी पाणी भरायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं, आई यायच्या आत पोळ्या लाटायच्या, शिष्यवृत्तीचा अभ्यास करायचा, वर सहा जणांची बाई व्हायचं. तुला बारावीत क्लास लावला तेव्हा कुणी अट घातली होती का, की आधी सोसायटीतली सहा मुलं शिकव? गरिबाच्या मुलीला मदत केली की तिनं लगेच ती सेवेनं फेडायची, असं का?

समीर: ...नाही घातली कुणी.

ऋतुजा: परीक्षा झाल्यावर तिला हवं असेल तर ती करेल. नाही म्हणण्याची मोकळीक असेल तरच तिला विचारायचं.

समीर: ठीक. मग तुझंच सूत्र धरून बोलतो. आपल्याला रोज येता येत नाही म्हणून वाचन नको, बरोबर? पण जानेवारीत सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं, तेव्हा रोज येता येईल. सहा आठवडे, सोमवार ते शनिवार, रोज एक तास. इयत्ता विसरायची आणि गट पाडायचे: अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले. सलग घेतलं तर तेही संपणारं काम होतं.

ऋतुजा: सहा आठवडे रोज? पळून तर नाही जाणार?

समीर: समाजमंदिराच्या सचिवांकडून जागा आजच लिहून घेऊ. डिसेंबरपर्यंत दोघंही त्या मुलीबरोबर. कबूल. पण माझी एक अडचण आहे. सातवीतला तो पोरगा जानेवारीत असेल?

ऋतुजा: का?

समीर: त्याच्या मामाचं गॅरेज आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जायला लागला, शाळा उघडल्यावरही आठवड्यातले दोन दिवस तिथेच असतो. बाकीचे पाच थांबू शकतील. याची तारीख आपल्याला माहीत नाही, पण ती डिसेंबरच्या आधीचीसुद्धा असू शकते.

ऋतुजा: म्हणजे तूही तारखेवरच आलास.

समीर: आलो. आपण किती टिकणार हे बघायचं, तसं ते मूल किती टिकणार हेही बघायला हवं. त्याला मी आजपासून घेतो. या दोन संध्याकाळींतला वेळ नको, गॅरेजसमोर, सकाळी कॉलेजला जाताना, रोज वीस मिनिटं. तिथे पाट्या भरपूर आहेत वाचायला. ‘पंक्चर’पासून सुरुवात करतो.

ऋतुजा: तेवढ्यानं तो शाळेत राहील?

समीर: सांगता येत नाही. गॅरेजवर गेलाच तर वाचता येणारा जाईल.

ऋतुजा: आणि उरलेले पाच? त्यांचे पाच आठवडे आपण घेतले ते घेतलेच. जानेवारीत कितीही केलं तरी ते भरून निघत नाही. स्वतःची समजूत घालायला ‘योग्य निर्णय’ म्हणू नकोस. कमी चुकीचा म्हण.

समीर: कमी चुकीचा. शुक्रवारी त्यांना काय सांगायचं?

ऋतुजा: आहे तेच. डिसेंबरपर्यंत ताई-दादा तिच्याबरोबर बसणार. जानेवारीत रोज तुमच्याबरोबर. मार्चनंतर आम्ही नसू.

समीर: आमचा नंबर नंतर का, असं विचारलं तर?

ऋतुजा: तिचा पेपर जवळ आलाय म्हणून, हे सांगायचं. ती हुशार आहे म्हणून, हे चुकूनही म्हणायचं नाही. नंबर लावणं त्यांना कळतं, रोज नळावर लावतात. त्यांना राग येतो तो मधे घुसणाऱ्याचा, आणि आपली पाळी आली की नळ बंद करणाऱ्याचा.

समीर: म्हणजे जानेवारीत नळ चालू पाहिजे.

ऋतुजा: रोज. चल, त्या सचिवांना गाठू, नाहीतर जानेवारीची जागा हळदीकुंकवाला जाईल.