बाळाचा आहेर नेमका कुणाला?

बिलोलीत बारशाचं बोलावणं आलं, की पुष्कळ घरांत आधी आहेराची वही निघते. त्यांनी आपल्या नातवाला काय घातलं होतं, चांदीचे वाळे की नुसतं अंगडं-टोपडं? मग त्याच तोलाचं, जमलं तर थोडं वरचढ, काहीतरी आणायचं ठरतं. या हिशेबात सगळे सोयरे असतात. ज्याच्या नावानं खटाटोप चाललाय, ते बाळ तेवढं नसतं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी केली आहे. स्थळ, काळ आणि पात्र पाहून, जो परतफेड करणार नाही अशाला, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं दान सात्त्विक. उलट काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं राजस. या कसोटीला तान्ह्याइतकं चोख पात्र शोधून सापडायचं नाही. ते परत देत नाही, आभार मानत नाही, देणाऱ्याचा चेहराही लक्षात ठेवत नाही. तरी बारशाचा आहेर बहुधा राजसच ठरतो, कारण तो बाळाच्या अंगावर चढतो आणि आई-बापाच्या खात्यावर पडतो.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली देणगीवरच्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडलं: फुकट देणगी अशी नसतेच, प्रत्येक देण्याला परतीचा दोर बांधलेला असतो. त्यासाठी त्यानं महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचेही दाखले घेतले. मॉसला हा दोर वाईट वाटत नव्हता, त्यानंच माणसं जोडलेली राहतात असं तो म्हणे. कोरडवाहू मुलखात, जिथं एक पाऊस चुकला की घर वाकतं, तिथं या देण्याघेण्याला नाक मुरडणं शहाणपणाचं नाहीच. फक्त ते बाळाच्या नावावर खपवू नये.

तेलंगणाच्या सीमेला टेकलेल्या या बिलोली तालुक्यात जन्माचं देणं एकाच तऱ्हेचं नाही. मुसलमान घरात सातव्या दिवशी अकीका होतो, तेव्हा बाळाचं जावळ काढून त्या केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबाला देण्याची रीत आहे. म्हणजे देण्याची दिशाच उलटी: बाळाला मिळत नाही, बाळाच्या निमित्तानं बाहेर जातं. लिंगायत घरात तान्ह्याला लिंगधारणा करतात. ज्याचा अर्थ त्याला कितीतरी वर्षांनी उमगायचा, ते आधीच गळ्यात पडतं. आणि पाचवी-सहावीच्या रात्री सटवाईसमोर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बाळाला मिळालेल्या वस्तूंत हा कोरा कागद सगळ्यात स्वस्त, आणि त्याच्यावर कुणी आपलं नाव घालत नाही.

मग उपयोगाचं काय? जुन्या बायकांना ते पक्कं ठाऊक होतं. आजीच्या विटलेल्या लुगड्याची वाकळ नव्या कोऱ्या कपड्याहून मऊ असते, म्हणून पहिले दिवस बाळ जुन्या धडुत्यातच गुंडाळायचं. बाळंतविड्यात बाळाच्या झबल्या-टोपड्यासोबत आईसाठी डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशोपा येत. अंगावर पिणाऱ्या लेकराला पोसायचं तर आईच्या ताटातून, हा साधा विचार. हल्ली आईच्या वाट्याचं गळतं आणि आवाज करणारी चिनी मोटार वाढते. पहिल्या वाढदिवसाला वॉकर आणण्याची टूम तर विचारूच नका. पांगुळगाडा धरून लेकरू आपल्या पायांनी चालतं. चाकांच्या वॉकरमध्ये ते बसून धावतं, पायऱ्यांवरून कोसळतं. कॅनडानं २००४ साली असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

उपयुक्त भेटीचा नामांकित नमुना मात्र फिनलंडचा. तिथं १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना सरकार एक खोकं देतं. त्यात कपडे, पांघरूण. रिकामं झालं की त्याच खोक्यात बाळ झोपतं. महाराष्ट्रानंही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या आईसाठी बेबी केअर किट सुरू केलं. पण फिनलंडच्या खोक्याला एक अट आहे: गर्भारपणाचा चौथा महिना संपण्याआधी तपासणी करून घ्यायची.

इथं गीतेची कसोटी अडखळते. अट घातली म्हणजे परतफेड मागितली, मग हे दानही राजस? तसं म्हणवत नाही, कारण अटीचं फळ देणाऱ्याकडे येतच नाही, ते बाळाकडेच जातं. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेचंही तेच. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरात मुलगी झाली की ५,००० रुपये, पुढे शाळेच्या टप्प्यांवर थोडे थोडे, अठराव्या वर्षी ७५,०००. दोर आहे, पण तो मुलीला शाळेकडे ओढतो. बिनशर्त दिलेल्या वाळ्यांपेक्षा हे देणं अधिक निरपेक्ष म्हणावं लागेल, आणि मॉसच्या दोरालाही त्यात जागा आहे.

सोयऱ्यांनाही हे जमण्याजोगं आहे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस टोचून झाल्याची कार्डावर नोंद दाखवा, मगच वाळे घालीन, असं एखाद्या मामानं बिलोलीत म्हणून पाहावं. आजी चार दिवस अबोला धरेल, पाचव्या दिवशी कार्ड शोधायला तीच पेटी उपसेल.