उरलेले २७० रुपये

दर वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ एकमेकांशी भिडतात आणि जिंकणाऱ्याच्या हातात चांदीचा एक चषक पडतो. त्याला तीन कान आहेत आणि प्रत्येक कान म्हणजे एक नाग. झाकणावर हत्ती. नाव, कलकत्ता कप. यूट्यूबवर बघाल तर पहिल्यांदा वाटेल, हा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेढीतला दागिना तिकडे कसा गेला? खरी गोष्ट त्याहून गमतीची आहे. तो चषक आपल्या रुपयांचाच आहे. २७० चांदीचे रुपये वितळवून घडवलेला.

२५ डिसेंबर १८७२ ला कलकत्त्यातल्या साहेबलोकांनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. मजा आली, म्हणून महिन्याभरात क्लब निघाला, कलकत्ता फुटबॉल क्लब. पण बंगालच्या उकाड्यात रग्बी म्हणजे शिक्षाच. खेळाडू पुरवणारी एक पलटण बदलून गेली, क्लबातली फुकट दारू बंद झाली, उरलेल्यांना पोलो आणि टेनिस बरं वाटू लागलं. १८७७ संपता संपता अशी गत झाली की बँकेत पैसे आहेत आणि मैदानात माणसं नाहीत.

आता त्या पैशांचं काय करायचं? वाटून घेता आले असते. एक जंगी मेजवानी झोडता आली असती. क्लबचे सचिव रॉथनी यांनी सुचवलं की या रुपयांचा चषक करून लंडनच्या रग्बी युनियनला द्यावा. तसं झालं. १८७८ मध्ये क्लब मिटला आणि १८७९ पासून त्या चषकासाठी सामने सुरू झाले. जेमतेम पाच वर्षं जगलेल्या क्लबचं नाव आज दीडशे वर्षं होत आली तरी घेतलं जातं.

ही गोष्ट मी सध्या वारंवार आठवतो, कारण असाच प्रश्न माझ्या फोनमध्ये येऊन पडलाय.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, आणि आमच्या गल्लीला नंबरासोबत एक कबड्डी मंडळही होतं. मी तिथे चार वर्षं खेळलो. आता मी नोकरीसाठी जळगावात असतो, बाकीचे पुणे, नाशिक, सुरत असे पांगलेत. मैदानाच्या जागी गाड्या लागतात. मंडळ बंद करायचं हे सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो खात्यावरच्या तेवीस हजार रुपयांचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बहुमत स्पष्ट आहे, हिवाळ्यात एखाद्या मळ्यात सगळ्यांनी जमायचं, काड्यांवर वांगी भाजायची, भरीत, कळण्याची भाकरी, आणि जुन्या आठवणी. एकाने लिहिलं, ‘पैसा आपला, आपण खाऊ. बरोबर ना भो?’

भरीत पार्टीच्या विरोधात बोलणं खान्देशात सोपं नाही. तरी विचारावंसं वाटतं, पैसा आपला म्हणजे नेमका कुणाचा?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे संस्थांची नोंदणी ज्या १८६० च्या कायद्याने होते, तो सांगतो की संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे गेली पाहिजे. पण तेवीस हजारांसाठी आमच्या दारात कुणी इन्स्पेक्टर येणार नाही. म्हणून प्रश्न कायद्याचा उरत नाही, आपला उरतो.

ते पैसे आले कुठून बघा. गल्लीतल्या किराणावाल्याने दर वर्षी पावती फाडली. कुणाच्या आजीने सामन्याच्या दिवशी माठ भरून ठेवले. ज्यांनी मंडळ काढलं त्यातले निम्मे आज हयात नाहीत. आम्ही ग्रुपवर आहोत ते फक्त शेवटचे, रांगेच्या शेवटी उभे. शेवटी उभं असल्यामुळे आपण मालक होतो का? मला वाटतं, नाही. वडिलोपार्जित शेत विकता येतं, पण गावच्या विहिरीवर आज पाणी भरणाऱ्यांनी विहीर विकायची नसते. मंडळ हे विहिरीच्या जातीचं आहे. आपण त्याचे राखणदार.

इथपर्यंत कलकत्त्याच्या साहेबांनी बरोबर केलं. पुढे मात्र मी अडखळतो. ज्या गावाच्या मातीत ते खेळले, त्या गावाला त्यांनी काय ठेवलं? रुपये इथले, कारागिरी इथली, चषक तिकडे. ‘खेळाच्या भल्यासाठी’ म्हणताना खेळ कुणाकुणाचा, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. १८७५ मध्ये निघालेल्या बॉम्बे जिमखान्यातही स्वातंत्र्य मिळेपर्यंत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं.

साहेबांना शिव्या देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पुण्यात हिंदूंच्या संघासाठी गोलंदाजी करणारे पळवणकर बाळू चर्मकार समाजातले होते, म्हणून त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, १९२३ मध्ये. कुंपण घालायची कला आपण कुणाकडून उसनी आणलेली नाही.

आणि कुंपण कसं उघडतं तेही रग्बीनेच दाखवलंय. मॅथ्यू स्पेसी हा इंग्रज मुंबईत नोकरी करायचा, बॉम्बे जिमखान्यात रग्बी खेळायचा. समोरच्या फॅशन स्ट्रीटच्या फूटपाथवर राहणारी पोरं सराव बघत उभी असायची. त्याने त्यांना आत बोलावलं, खेळायला शिकवलं. त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे देशभरातल्या लाखो मुलांपर्यंत पोचली. त्याने चषक वगैरे काही दिला नाही. खेळ बघणाऱ्यांना खेळायला घेतलं, एवढंच.

हे वाचल्यापासून मला आमच्या गल्लीतले ओटे दिसतात. आमचे सामने चालायचे तेव्हा ओट्यांवर मुली बसलेल्या असायच्या. त्यांना डाव कळायचा, पकड कुठे चुकली ते त्या आमच्याआधी ओरडून सांगायच्या. मंडळाच्या इतक्या वर्षांत त्यांच्यातली एकही मैदानात उतरली नाही. मनाई कुणी केली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं. तारेशिवायचं कुंपण असंच असतं, त्याला दारही सापडत नाही.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की गल्लीमागच्या शाळेत मुलींचा कबड्डी संघ मुरमावर सराव करतो, पैसे त्यांना देऊ. मॅट लाखांत जातं, तेवढे आपल्याकडे नाहीत. पण बूट येतील, आणि काही महिने शिकवणाऱ्याचं मानधन निघेल. चार अंगठे आले, दोन हसणाऱ्या इमोजी, आणि ‘मग भरीत?’ असा एक रास्त सवाल. भरीत वर्गणी काढून करू, असं मी उत्तर दिलं. निर्णय अजून व्हायचाय.

तुमच्याही गावात असं एखादं वाचनालय, व्यायामशाळा, गणेश मंडळ शेवटचे श्वास मोजत असेल. खात्यावर थोडे पैसे असतील, कपाटात थोडं सामान. शेवटची सभा होईल, सह्या होतील. त्या सभेत एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवा, ज्यांना आत कधी बोलावलंच नाही त्यांच्यासाठी. हिशेब त्या खुर्चीला पटला पाहिजे.