सपाटीवरचा वारसा

'बार्शी लाईट'मधला लाईट म्हणजे दिवा नव्हे, हे हल्ली सांगावं लागतं. लाईट म्हणजे हलकी. आमच्या जिल्ह्यात या गाडीच्या संथपणाचे विनोद अजून निघतात. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटायचा आणि शेवटच्या डब्यात चढायचं, हा त्यातला सर्वांत जुना. ऐकणारा हसतो आणि गाडी आणखी थोडी विसरली जाते.

या हलकेपणामागे एक नेमका विचार होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची पेठ मोठी, पण मुख्य लोहमार्ग सुमारे 21 मैल दूर, आजच्या कुर्डुवाडीला. तेव्हा त्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं. मधला सगळा माल बैलगाड्यांवर. कॅलथ्रॉपने अडीच फुटी रूळ सुचवला. रुंदी कमी करणं सोपं होतं, कारण अरुंद गाड्या त्याआधीही होत्या. त्याची खरी कल्पना आसाची होती. इंजिन असो, वाघीण असो वा प्रवासी डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग यार्डाला 30 पौंडांचा रूळही पुरतो, पूल स्वस्तात होतात आणि तरीही वाघिणीत भरपूर माल मावतो. लीड्सच्या किटसन कारखान्याने इंजिनं बनवली. लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून कॅलथ्रॉपने ही सगळी मांडणी इतर इंजिनिअरांना चालवून दाखवली. 1897मध्ये गाडी बार्शीत पोचली.

पुढे हा फाटा पंढरपूर, लातूर आणि 1927पर्यंत मिरजेला गेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. सरकारने तो 1954मध्ये ताब्यात घेतला. कॅलथ्रॉपने बार्शीचं हे तंत्र इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या 1904च्या रेल्वेला वापरलं. (पुढे तो विमानातून उडी मारायची छत्री करण्याच्या नादाला लागला, अरबी घोडेही पाळत असे. एका कामात न मावणारी ही माणसं असतात.) म्हणजे माळरानावर ठरलेली गोष्ट विलायतेला गेली. आपल्या शिकवणीत हा प्रवास नेहमी उलट्या दिशेने सांगतात.

आता वारशाकडे वळू. युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग 1999मध्ये आली, निलगिरी 2005मध्ये, कालका-सिमला 2008मध्ये. तिघींचं एकत्रित नावच 'भारतीय पर्वतीय रेल्वे' आहे. महाराष्ट्रात माथेरान. थंड हवा, धुकं, बोगदे आणि साहेबाचा उन्हाळा असेल तिथे आपल्याला वारसा पटकन दिसतो. ज्वारीच्या रानातून कापसाच्या गाठी आणि आषाढीचे वारकरी नेणारी गाडी मात्र 'जुनी झाली' एवढ्यावर संपते. अमरावती-यवतमाळकडच्या शकुंतलेचंही तेच. तिचं 1921चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 1994पर्यंत राबलं, पण ती रांगडी आणि सपाटीवरची. वारसा ठरवताना आपण यंत्राकडे न पाहता खिडकीबाहेर पाहतो, असं मला वाटतं.

यातली गंमत अशी की माथेरानच्या त्या छोट्या गाडीचे डबे मोठ्या दुरुस्तीला कुर्डुवाडीच्या कारखान्यात येतात. डोंगरावरची गाडी धावती ठेवणारे हात आमच्याकडचे आहेत. स्वतःच्या दारातला अरुंद रूळ मात्र त्यांनी उखडताना पाहिला.

तो उखडला हे चूक झालं, असं मी म्हणणार नाही. लातूर-कुर्डुवाडी रुंद झाली, वाटेत धाराशिव शहर पहिल्यांदा मार्गावर आलं, मिरज-पंढरपूरही रुंद झाली. दुष्काळी भागातल्या माणसाला मुंबईची थेट गाडी हवी असते, त्याने आपल्या स्मरणरंजनासाठी लाकडी बाकावर का बसावं? चूक झाली ती पुढच्या टप्प्यावर. सव्वातीनशे किलोमीटरमधले दहा किलोमीटर राखून ठेवावेत, असा आग्रह धरणारी चळवळ उभी राहिली नाही. वेल्समध्ये तालिलिन नावाची बंद पडू पाहणारी रेल्वे 1951मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, तेव्हा तिच्यातही फार काही भव्य नव्हतं. मॅनिफोल्ड मात्र 1934मध्ये बंद पडली. तिच्या वाटेवर आज लोक चालतात, सायकली चालवतात. रूळ नाहीत, पण वाट तरी आहे.

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगवलेलं इंजिन पाहिलं की मला पेंढा भरलेला वाघ आठवतो. वाफेचं इंजिन म्हणजे मूळचा घरचा बंबच. मध्ये विस्तव, भोवती पाणी. बंबात एक नळी, इंजिनाच्या बॉयलरमध्ये पुष्कळ. सोलापूरच्या जड पाण्याने बंबाला आतून खडूसारखा थर धरतो आणि पाणी तापायला उशीर लागतो, तसंच तिथेही. म्हणून बॉयलर वरचेवर धुवावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात. थंड इंजिन एकदम पेटवत नाहीत. कित्येक तास आधी विस्तव घालून ते हळूहळू तापवतात, नाहीतर धातू असमान फुगतो आणि सांधे गळतात. फायरमनला कोळसा कुठे पसरायचा हे ज्वाळेच्या रंगावरून कळतं. चढ यायच्या आधी आगीला खुराक द्यायचा असतो, चढावर नाही. हे ज्ञान पुस्तकात उतरत नाही, ते खांद्यात आणि कानात राहतं. गाडी चालली तरच पुढच्या पोराच्या खांद्यात जातं. लीड्सच्याच किटसन घराण्यातली 1855ची फेअरी क्वीन 1997मध्ये पुन्हा धावू शकली, कारण बॉयलरशी बोलणारी माणसं तेव्हा हयात होती.

म्हणून मला संग्रहालयापेक्षा पंढरपूर आठवतं. आषाढीला लाखो माणसं जिथे येतात, तिथे दोन-तीन किलोमीटरचा अडीच फुटी रूळ, कुर्डुवाडीत दुरुस्त होणारे डबे आणि रविवारी पहाटेच पेटवलेलं एक इंजिन असावं. तिकीट फार नको. 'बार्शी तिथे सरशी' म्हणणाऱ्या व्यापारपेठेला खर्चाचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला मांडता येईल. मला फक्त इतकं दिसतं की डब्याच्या खिडकीशी एक आजी बसली आहे, नातवाच्या डोळ्यात कोळशाचा कण गेलाय, आणि ती पदराच्या टोकाने तो काढता काढता सांगते आहे की आमच्या वेळी हे रोजचंच होतं.