पवित्र कार्याची किंमत



देवकार्यासाठी आपल्या माणसांची आबाळ झाली, तर चालेल का? फ्रान्समधील शाम्पेनचे सरदार जाँ द झ्वाँव्हिल यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. १२४८ साली ते राजा नववे लुई यांच्या क्रूसयुद्धात सामील झाले. निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या लोकांना बोलावून, कुणावर अन्याय केला असल्यास भरपाई देऊ केली. १२५० साली इजिप्तमध्ये राजासह ते कैद झाले. १२५४ साली परतले. मात्र त्यांच्या गैरहजेरीत राजांच्या अंमलदारांनी प्रजेला नाडून कंगाल केले होते.

१२६७ साली राजाने पुन्हा क्रूसयुद्धाचा संकल्प सोडला. या वेळी झ्वाँव्हिल यांनी नकार दिला. आपल्या लोकांचे रक्षण करण्यातच देवाची मर्जी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राजा १२७० साली ट्युनिसजवळ मरण पावला आणि १२९७ साली संत घोषित झाला. त्याच्या पावित्र्याची साक्ष १२८२ साली झ्वाँव्हिल यांनीही दिली होती.

संतालाही आदराने नकार देता येतो, असे आम्हाला वाटते. स्वतःचे अर्पण आपण करू शकतो. आपल्यावर विसंबलेल्यांचे परस्पर अर्पण करण्याचा हक्क आपल्याला नाही. एखादे पवित्र कार्य हाती घेताना त्याची किंमत घरात कोण मोजणार, हे आधी विचारू या.