पारणे नसलेला उपवास

वेस्ट मांबलममध्ये अयोध्या मंडपाच्या आसपास राहणाऱ्या आम्हां बदलीवरच्या मंडळींस उपवासाचे माहात्म्य सांगावयास नको. म्हणूनच जेवण टाळणाऱ्या मुलीस आम्ही सहज 'निग्रही' म्हणतो. परंतु एकादशीस द्वादशीचे पारणे असते. सर विल्यम गल यांनी १८७४ साली ज्यास 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले, त्या व्याधीस पारणे नाही. देह झिजतो, तरी स्थूलतेचे भय सरत नाही. पुष्कळदा मासिक पाळी थांबते. ताट टाळण्यास रोज नवे निमित्त निघते. आमच्या मते, सोडलेले अन्न पुन्हा घेण्याचे स्वातंत्र्य जेथे हरपले, तेथे निग्रह संपला. अशा मुलीस दटावणी नव्हे, वैद्यकीय उपचार हवेत; आणि त्याआधी आम्ही तिची स्तुती थांबवावयास हवी.